इंटेलच्या मॅकवर विंडोज घालून चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर ॲपलच्या नव्या मॅकवर चालेल का?

जसेच्या तसे चालणार नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातील आपल्या अडत दुकानाचे हिशेब आपण ज्या बूट कॅम्पच्या (मॅकवर थेट विंडोज सुरू करण्याच्या ॲपलच्या सोयीच्या) आधारे विंडोजमध्ये ठेवता, ती सोयच ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवरील मॅकमध्ये नाही. ॲपलने इंटेल सोडण्याचा निर्णय जून २०२० मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एम१ प्रोसेसरचे पहिले मॅक आणले. हे प्रोसेसर आर्म या इंटेलहून वेगळ्या रचनेचे असल्याने इंटेलसाठी लिहिलेले विंडोज त्यांवर थेट सुरूच होत नाही. ॲपलचे रोझेटा २ हे सॉफ्टवेअर इंटेलसाठीच्या प्रोग्रॅमचे रूपांतर करते हे खरे, पण ते मॅकच्याच जुन्या प्रोग्रॅमचे. आपल्याला पॅरलल्स डेस्कटॉप या मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आर्मचे विंडोज ११ बसवावे लागेल. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये त्यास मान्यता दिली असून इंटेलसाठीचे बहुतेक साधे प्रोग्रॅम ते विंडोज स्वतःच रूपांतर करून चालवते. मात्र ड्रायव्हरचे, म्हणजे जोडलेले उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, असे रूपांतर होत नाही; म्हणून विवरणपत्रांसाठी आपण डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरत असाल, तर त्याचा आणि बिलांच्या प्रिंटरचा आर्म ड्रायव्हर मिळतो का, याची विक्रेत्याकडून खात्री करून घेतल्याशिवाय जुना मॅक विकू नये, आणि हळदीचे सौदे चालू असताना तर हा बदल मुळीच करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.