सोलापुरात पत्र्याखालून जाणाऱ्या एसी डक्टला 13 मिमी नायट्राइल (रबरी फोमचं उष्णतारोधक आवरण) पुरेल का? आर-व्हॅल्यू म्हणजे नेमकं काय?

13 मिमी कमी पडेल. निदान 19 घ्या, पत्रा थेट उन्हात असेल तर 25.

आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा. जाडी मीटरमध्ये घ्या आणि मालाच्या के-व्हॅल्यूने (त्यातून उष्णता किती सहज वाहते त्याचा आकडा) भागा. नायट्राइलचा के साधारण 0.035. म्हणजे 13 मिमीला आर 0.37, 19 ला 0.54, 25 ला 0.71. आता मे महिन्यात पत्र्याखाली 44 अंश आणि डक्टमध्ये 14 अंश धरा. फरक 30. त्याला आरने भागलं की दर चौरस मीटरमागे आत शिरणारी उष्णता मिळते: 13 मिमीला सुमारे 81 वॅट, 19 ला 55, 25 ला 42. पहिल्या उडीत फायदा जास्त, पुढे तो कमी होत जातो.

दुकानदार 'आर-6' म्हणाला तर ते अमेरिकन एकक असतं, 5.68 ने भागा. आपल्या मापात जेमतेम 1.06.

खरा घोळ बसवताना होतो. 50 मिमी ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं आवरण) पट्टीने आवळून 25 वर आणलं, की तिथला आर जवळपास निम्मा. फ्लँज (डक्टचे तुकडे जोडणाऱ्या कडा) तर बहुतेक वेळा उघडेच सोडतात. पावसाळ्यात नेमकं तिथेच पाणी सुटतं आणि छतावर पिवळे डाग पडतात. फ्लँजवर वेगळी पट्टी चिकटवा, सांध्यांवर ॲल्युमिनियम टेप दाबून लावा. ग्लासवूलवरची फॉइल फाटली तर आत ओल धरते. ओल्या ग्लासवूलचा उपयोग नाही, तेवढा तुकडा बदलाच.