सायबेरियाचा वायू चीनकडे का वळवता येत नाही?

प्रश्न : युरोपने रशियन वायूची खरेदी खूप कमी केली. मग रशिया तोच वायू शेजारच्या चीनला का विकत नाही?

उत्तर : कारण तो वायू तिथे पोहोचवणारी वाहिनीच नाही. युरोपला जाणारा वायू मुख्यतः पश्चिम सायबेरियातला. चीनला जाणारी ‘पॉवर ऑफ सायबेरिया’ ही वाहिनी हजारो किलोमीटर पूर्वेला, चायांदा आणि कोविक्ता या क्षेत्रांतून भरते. दोन्ही जाळी एकमेकांना जोडलेली नाहीत. शिवाय या पूर्वेकडच्या वायूत हेलियम आणि इथेन भरपूर. ते वेगळे काढायला अमूर प्रांतात स्वतंत्र प्रकल्प उभारावा लागला.

या वाहिनीसाठी रशिया आणि चीनमधला २०१४चा करार ३० वर्षांचा, वर्षाला ३८ अब्ज घनमीटरचा. पुरवठा डिसेंबर २०१९मध्ये सुरू झाला. पश्चिमेकडचा वायू मंगोलियामार्गे नेणारी, ५० अब्ज घनमीटरची दुसरी वाहिनी मात्र वर्षानुवर्षे दरावर अडली. इथे खरी ताकद चीनच्या हाती आहे, असं आमचं स्पष्ट मत. तुर्कमेनिस्तानचा वायू त्याला २००९पासून मिळतो, कतार-ऑस्ट्रेलियाचा द्रवरूप वायू जहाजांनी येतो. जहाज दुसऱ्या बंदराकडे वळवता येतं. जमिनीत पुरलेल्या वाहिनीच्या टोकाला गिऱ्हाईक एकच असतं, आणि तेच भाव पाडतं.