पुण्यात राहून जुन्या आराखड्याची फ्री फ्लाइट विमानं बांधून स्पर्धेत उडवता येतील का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, विमानं उडवताय, आजोबांच्या ट्रंकेत पिळलेल्या रबराच्या जोरावर पंखा फिरवत उडणाऱ्या एका विमानाचा पिवळा पडलेला प्लॅन सापडला, आणि आता तसंच विमान बांधून स्पर्धेत उतरायचंय.

जमेल. मी कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंगला चिकटलो, पुढे भोसरीत टूलरूममध्ये नोकरी केली आणि या विमानांपायी 22 वर्षं घरी बोलणी खातोय. तेवढ्या हक्कावर सांगतो.

फ्री फ्लाइट म्हणजे हातातून सुटल्यावर रिमोटविना आपलं आपण उडणारं विमान. रिमोट नाही म्हणजे काम सोपं, असं तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून वाटलं. तसं नाही हो. आरसीत बांधताना झालेली चूक हवेत अंगठ्याने निस्तरता येते. इथे हात सुटला की विमान तुमचं राहत नाही. तुम्ही खाली उभं राहून बघायचं, फार तर मागे धावायचं. निस्तरायचं ते सगळं आधी. आरसीतून आलेले लोक देखणं बांधतात आणि ट्रिमिंगला, म्हणजे विमान नीट उडेपर्यंत बारीक बारीक बदल करत राहण्याला, कंटाळतात, असा माझा अनुभव आहे. बांधणी मध्यम असली तरी चालेल, ट्रिमिंग चोख हवं.

आता 'जुनं' म्हणजे किती जुनं? अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ अँटिक मॉडेलर्सची ओल्ड टायमर गटाची रेघ 1942 च्या अखेरीला आहे. ब्रिटनमध्ये व्हिंटेज म्हणजे 1950 पर्यंतचं. विमान तुम्ही काल बांधलेलं चालतं, आराखडा त्या काळातला हवा. पंखाचा आकार, त्याचा छेद, लांबी-रुंदी यांना हात लावायचा नाही. तेव्हा प्लॅनच्या कोपऱ्यात साल आहे का ते आधी बघा.

तो प्लॅन वेकफील्ड जातीचा निघाला तर मात्र फ्रेम करून भिंतीवर लावा आणि दोन वर्षं थांबा. लॉर्ड वेकफील्ड यांनी 1928 साली दिलेल्या कपासाठी ही विमानं बनायची. पुढे ठरलेल्या नियमाप्रमाणे पंखाचं क्षेत्रफळ साधारण 200 चौरस इंच, वजन कमीत कमी 8 औंस, म्हणजे 227 ग्रॅम, आणि रबर हवं तेवढं. मग काय, लोक निम्मं वजन रबराचंच भरायला लागले. फिनलंडच्या आर्ने एलिलाने 1949 आणि 1950 अशी लागोपाठ दोन वर्षं कप नेला तो या बेबंद रबराच्या काळात. 1954 पासून 80 ग्रॅमची मर्यादा आली आणि आजच्या एफ-वन-बी, म्हणजे वेकफील्डच्याच पुढच्या रूपाच्या, गटात ती 30 ग्रॅमवर उतरली आहे.

एवढं रबर पोटात घेतलेलं विमान म्हणजे काय, हे मी किंमत मोजून शिकलो. माझं पहिलंच वेकफील्ड. पाचशेच्या पुढे पीळ भरत असताना आत रबर तुटलं. फाट् असा आवाज झाला आणि माझ्या हातात पुढचा सांगाडा उरला. मागच्या अर्ध्या भागाच्या काड्या झाल्या होत्या, अक्षरशः काडेपेटीतल्या. तीन महिन्यांचं काम. त्यानंतर मी पीळ भरताना रबर नेहमी पातळ नळीतून घेतो. नळी सांगाड्याच्या आत राहते, रबर तुटलं तर दणका नळी खाते, आणि भरून झालं की ती पुढून ओढून काढायची.

म्हणून पहिलं विमान छोटं घ्या. केइलक्राफ्ट या इंग्लिश कंपनीचं सेनेटर हा माझा आवडता सल्ला आहे. पंख 32 इंच, आराखडा 1950 चा, म्हणजे ब्रिटिश रेघेच्या आत. चौकोनी पेटीसारखा सांगाडा, सरळ रिबा (पंखाच्या फासळ्या), आणि नीट ट्रिम केलं तर भल्याभल्यांना घाम फोडतं. असे जुने प्लॅन स्कॅन करून आउटरझोन या वेबसाइटवर फुकट ठेवलेले आहेत.

बाल्सा, म्हणजे ही विमानं ज्याची बांधतात ते हलकं लाकूड, घेताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, वजनकाटा वापरा. दीड मिलिमीटर जाडीची, 10 सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब फळी हलकी असेल तर 15 ग्रॅम भरते, जड असेल तर 24 च्या पुढे. दिसायला दोन्ही सारख्याच. दुकानात खिशातला सोनाराचा काटा काढला की दुकानदार तोंड वाकडं करतो. करू दे. हलकी फळी शेपटीकडे, जड फळी नाकाकडे आणि पंखाच्या मधल्या भागात. शेपटीकडचा एक ग्रॅम जास्त झाला तर तोल साधायला नाकात तीन-चार ग्रॅम भरावे लागतात. उरलेल्या वस्तूंसाठी लांब जायला नको. तार, पितळी नळी बोहरी आळीत मिळेल, आणि उतरण्याच्या पायांना कामट्या हव्या असतील तर बुरूड आळी आहेच. सांगाड्यावर चढवायला पतंगाच्या कागदाचा मोह टाळा. सरावाच्या विमानाला ठीक आहे, पण पाणी मारल्यावर तो एकसारखा ताणला जात नाही. जपानी टिश्यू मागवा.

रबराबद्दल थोडं. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, पण रबराचा पीळ प्रत्येक उड्डाणाला थोडा थोडा जातो. चांगलं रबर थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायचं, वापरताना सिलिकॉन तेल लावायचं. पीळ भरताना एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने रबर मूळ लांबीच्या चार-पाच पट ओढून मागे जायचं. निम्मे पीळ तिथेच उभं राहून भरायचे, उरलेले हळूहळू पुढे येत. मी जुनं हँड ड्रिल वापरतो. त्याची एक फेरी म्हणजे रबराला चार पीळ, त्यामुळे 150 फेऱ्यांत 600 होतात. आकडा मोठ्याने मोजा आणि मोजताना कोणाशी बोलू नका.

आता ट्रिमिंग. सकाळी गवत असलेल्या जागी जा. पीळ न देता विमान खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, वाऱ्याच्या तोंडावर सोडा. फेकू नका, सोडा. ते नाक वर करून थबकलं, खाली डुबकलं, पुन्हा वर आलं, म्हणजे पायऱ्या उतरल्यासारखं गेलं, तर ते स्टॉल होतंय. आडव्या शेपटीची पुढची कड किंचित उचला. थेट जमिनीत घुसत असेल तर मागची कड उचला. उचलायला मी लग्नपत्रिकेची पट्टी वापरतो. जाडी एकसारखी असते आणि घरात साठा संपत नाही. एका वेळी एकच पट्टी, आणि प्रत्येक बदल वहीत. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही.

तरंगणं जमलं की त्याला हात लावायचा नाही. हे फार महत्त्वाचं आहे आणि इथेच सगळे चुकतात. पुढे 50 पीळ देऊन सोडलं आणि नाक वर जाऊन लटकलं, की लोक घाईने शेपटीशी खेळतात. शेपूट तरंगण्यासाठी बसवलेली आहे. जोर असतानाचं बिघडलं तर पंख्याचा रोख बदलायचा. नाकाच्या ठोकळ्यामागे वरच्या कडेला पट्टी घातली की पंखा खाली बघतो, डाव्या कडेला घातली की उजवीकडे. मग 100 पीळ, मग 200. प्रत्येक टप्प्याला रोख पुन्हा तपासायचा. माझं आत्ताचं सेनेटर एका रविवारी संध्याकाळी बांधून झालं आणि पूर्ण पिळावर बिनघोर सोडायला पुढचे अकरा रविवार गेले.

नीट ट्रिम झालेलं विमान थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, सापडलं तर परत येत नाही. त्यासाठी डीटी, म्हणजे डीथर्मलायझर. ठरलेल्या वेळी शेपूट 45 अंशांत वर उडते आणि विमान छत्रीसारखं सरळ खाली बसतं. जुन्या काळी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली वात पेटवायचे. ती जळत रबरबँडपर्यंत पोचली की रबरबँड तुटायचा. परदेशातल्या ओल्या हिरव्या गवतावर ठीक आहे. आपल्याकडे डिसेंबरनंतर टेकड्यांवर सगळं वाळलेलं गवत असतं, एका ठिणगीत वणवा लागेल. पुण्यात वात वापरू नका, कितीही अस्सल वाटली तरी. तुळशीबागेतून चावीचं चालणारं खेळणं आणा आणि त्यातली दातेरी चाकांची डबी टायमर म्हणून बसवा. जगभर लोक हेच करतात, वजनही जेमतेम काही ग्रॅम.

कुठे उडवायचं? लोहगाव आणि खडकवासल्याची एनडीए या दोन्ही बाजू पूर्ण सोडा, लष्करी हद्द आहे. शहरातल्या टेकड्यांवर झाडं आणि फिरायला आलेली माणसं. आम्ही चौघं दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला जातो, माळाच्या मालकाला विचारून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसहापासून. काठीला कॅसेटची फीत बांधून ठेवायची. फीत लोंबकळत असताना ट्रिमिंग, आणि दहाच्या सुमारास ती अचानक वर उचलली गेली, घारी पंख न हलवता फिरायला लागल्या, की स्पर्धेची उड्डाणं.

वाऱ्याच्या दिशेला ऊस आहे का, ते पहिल्यांदा बघा. उसात गेलेलं विमान दहा पावलांवरूनही दिसत नाही. माझं एक असंच गेलं, आणि तोडणी सुरू झाल्यावर शेतकरीदादांचा फोन आला. पंखावर 'सापडल्यास फोन करावा' असं मराठीत लिहिलेलं होतं म्हणून. मी पोचलो तर ते विमान उलटंपालटं करून बघत होते. "सर, कॅमेरा कुठंय यात?" कॅमेरा नाही, नुसतं रबर आहे, म्हटल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून आठवते.

स्पर्धेचा साचा साधा आहे. बहुतेक ठिकाणी तीन उड्डाणं, प्रत्येकाला कमाल वेळ ठरलेली, समजा दोन मिनिटं, त्यापुढचा वेळ धरत नाहीत. बेरीज सारखी आली तर फ्लाय-ऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारं जादा उड्डाण. आम्ही आपापसात हेच करतो, स्टॉपवॉच दुसऱ्याच्या हातात देऊन. शिवाय पोस्टल स्पर्धा असतात: आपल्या माळावर उडवायचं आणि वेळा आयोजकांना कळवायच्या. पूर्वी तर वेकफील्डला स्वतः जाऊ न शकणारे लोक विमान खोक्यात घालून पाठवायचे आणि तिथला कोणीतरी ते त्यांच्या वतीने उडवायचा. आपलं विमान परक्याच्या हातात, तेही न बघता. माझी छाती झाली नसती.

आत्ता जुलै चालू आहे, तेव्हा प्लॅन छापून रिबा कापायला घ्या. दसऱ्यापर्यंत सांगाडा उभा राहील. कागद चढवून डोप (कागद ताठ करणारं लॅकर) मारायची घाई मात्र करू नका. या दमट हवेत डोप पांढरं पडतं आणि ते डाग मग निघता निघत नाहीत. ते काम दिवाळीनंतर.