दोऱ्याचे तुकडे अंगणात टाकू नकोस

भरतकाम शिकायला लागलीस आणि पहिल्याच महिन्यात पक्ष्याचा पंख भरायला घेतलास, छान! फक्त दोऱ्याचे सहाही पदर एकदम ओवू नकोस. दोन पदर पुरेत, आणि दोरा हातभरच घे. लांब घेतला की गुंता ठरलेला. पिसांसाठी लांब-आखूड टाका घाल, पण टाके पिसांच्या दिशेनेच पडू देत. माझ्या पहिल्या बुलबुलाचं पोट आडव्या टाक्यांनी भरलं होतं, तो अजूनही उशीसारखा दिसतो!

उन्हाळ्यात हाताला घाम येतो, तेव्हा सुई कापडात अडकवून ठेवू नकोस, गंजाचा डाग निघत नाही. काम थांबवलंस की कापड ताणून धरणारी रिंगही काढ.

एक मात्र नक्की पाळ. खिडकीत बसून भरतेस ना, मग कापलेले दोरे डबीत टाक. घरट्यांचे दिवस आहेत. पक्ष्यांना तो दोरा आयता मिळतो, आणि पिल्लांच्या पायाला गुंडाळला की सुटत नाही. पाय सुजतो, कधी जातोही. शिंपी पक्षी पानं शिवतो ती कोळ्याच्या जाळ्याने आणि कापसाच्या तंतूंनी; त्याला आपल्या दोऱ्याची गरज नाही.

डोळा शेवटी कर. काळी गाठ, शेजारी पांढरा एकच टिपका.