आरव्हीने न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया: आधी मुक्काम, मग रस्ता

जुलै महिना, भारतातून आलेले आईबाबा, दोन शाळकरी मुलं आणि भाड्याची पंचवीस फुटी आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेलं चाकांवरचं घर. न्यू जर्सीतल्या एडिसनहून सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियाला जायचं तर रस्ता कोणता धरायचा? बहुतेक घरांत सर्वांत जवळचा रस्ता निवडतात आणि मुक्कामाचं वाटेत बघू म्हणतात. आमचं सांगणं नेमकं उलटं आहे. ज्या मुक्कामाची जागा मिळणं सर्वांत कठीण, तो आधी पक्का करा.

या प्रवासात तो मुक्काम म्हणजे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. उद्यानाच्या आत पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेला कॅम्पग्राउंड एकच आहे, फिशिंग ब्रिज. तिथल्या तीन रात्री हातात आल्या की त्या तारखेपासून मागे मोजत या. एडिसनपासून अंतर साधारण २,१५० मैल. दिवसाला २५० मैल पुष्कळ झाले, म्हणजे नऊ दिवस, आणि साउथ डकोटातल्या बॅडलँड्स उद्यानात एक दिवस विसावा धरून दहा. नकाशा चार तास सांगतो तिथे आरव्हीला साडेपाच लागतात. ताशी ६० मैलांच्या वर तिला पळवू नये आणि मोठ्यांना दर दोन तासांनी पाय मोकळे करावेच लागतात. नव्या माणसाने अंधारात मागे घेऊन गाडी लावायला जाऊ नये, म्हणून दुपारी चारच्या आत मुक्कामी पोहोचा.

शिकागोपर्यंत आय-८० हा आंतरराज्य महामार्ग, तिथून आय-९० ने साउथ डकोटा आणि पुढे वायोमिंगमध्ये बफेलो. इथे बिगहॉर्न पर्वत आडवा येतो आणि तो ओलांडणारे घाट तीन आहेत. यूएस-१४-ए या रस्त्यावर १० टक्क्यांचा उतार आहे, त्या वाटेला जाऊच नका. तिघांत सौम्य म्हणजे यूएस-१६. तरी त्याचीही खिंड ९,६६६ फुटांवर आहे. उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. टो-हॉल मोड (उतारावर इंजिनानेच वेग धरून ठेवणारं बटण) चालू करा, गिअर खाली आणा. वेग वाढला की ब्रेक नीट दाबून पाच-दहा मैलांनी कमी करा आणि पाय काढून घ्या. आपल्याकडे घाटात ट्रकवाले हेच करतात.

उद्यानात शिरण्याआधीची रात्र कोडी गावात काढा. कोडी ५,००० फुटांवर आहे, फिशिंग ब्रिज ७,७०० च्या वर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही दोन हजार फुटांनी उंच. आईबाबांपैकी कुणाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर बुकिंगच्याही आधी डॉक्टरांशी बोला. तिथे पाणी ९२ अंशांनाच उकळतं, तेव्हा डाळ आधी भिजवा आणि कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या.

यलोस्टोननंतर जॅक्सनहून आयडाहोकडे जाताना फोन टीटन पासचा जवळचा रस्ता दाखवेल. तोही १० टक्क्यांचा. आल्पाइनवरून वळसा घ्या, मग ट्विन फॉल्स, वेल्स आणि पुन्हा आय-८०.

दक्षिणेकडून जाणारा आय-४० वाईट नाही, पण जुलैत नको. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या नीडल्सच्या आसपास पारा ४३ अंशांपुढे जाणं तिथे नेहमीचं, आणि छतावरचा एसी अशा उन्हात कमी पडतो. तोच रस्ता मार्चमध्ये सुखाचा, कारण तेव्हा वायोमिंगमध्ये आय-८० वारा आणि बर्फामुळे बंद पडू शकतो. आय-७० कोलोरॅडोत ११,१५८ फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, पुढे ७ टक्क्यांचा उतार. पहिल्या सहलीला तो नकोच.

फोनवरच्या साध्या नकाशाला गाडीची उंची माहीत नसते. उंची, लांबी आणि वजन एका कागदावर फुटांत आणि पौंडांत मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. न्यूयॉर्क-कनेक्टिकटमधल्या जुन्या पार्कवेंचे (फक्त मोटारींसाठी बांधलेल्या रस्त्यांचे) पूल बारा फुटी आरव्हीला पुरत नाहीत. मेरीलँडहून निघणाऱ्यांनी बाल्टिमोरचे बोगदे टाळावेत, स्वयंपाकाच्या गॅसच्या, म्हणजे प्रोपेनच्या टाकीसकट तिथून जाता येत नाही.

एकूण अंतर ३,२०० मैलांच्या आसपास जातं. गॅलनला आठ मैल धरले तर ४०० गॅलन पेट्रोल. भाडं ठरवताना मैलागणिक आकार, एकमार्गी शुल्क आणि जनरेटरचे तास लेखी घ्या.

आणि स्वयंपाक. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॉट मिळतात. एसीचे दीड हजार, इंडक्शनचे अठराशे, इथेच ३,३०० झाले. त्यात कुणी चहासाठी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. पोळ्या गॅसवर करा. तेलकट रश्श्याची भांडी कागदाने पुसून मगच सिंकमध्ये टाका, नाहीतर तेल टाकीत साचतं आणि तिसऱ्या दिवशी गाडीभर वास सुटतो. डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, आधी संडासाची टाकी सोडा आणि मग सिंकची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.