वाचक विचारतात: सेला रोंडा पहिल्याच ट्रिपला करावी का?

प्रश्न: ताई, जानेवारीत आम्ही चौघं (दोघं आणि मुलं 9 आणि 13) इटलीत वाल गार्डेनाला चाललोय, सहा दिवस. स्की कुणीच कधी केलेलं नाही. नवऱ्याच्या डोक्यात सेला रोंडा बसलीये, रोज त्याचेच व्हिडिओ बघतो, आणि म्हणतो आत्ताच मोठा डोलोमिटी सुपरस्की पास (डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट) काढू म्हणजे सगळीकडे फिरता येईल. मला धाकधूक वाटतेय. पास कुठला घ्यायचा?

उत्तर: धाकधूक वाटतेय ते बरोबरच आहे, आणि हे उत्तर नवऱ्यालाही वाचून दाखवा. सेला रोंडा म्हणजे सेला नावाच्या डोंगराला स्कीवर घातलेली प्रदक्षिणा, लिफ्ट धरून साधारण 40 किलोमीटर, चार घाट, चार खोरी. वाल गार्डेनातून निघायचं आणि आल्टा बादिया, अराब्बा, वाल दी फास्सा करत परत यायचं. वाटेवरचे नारिंगी बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने नेतात, हिरवे उलट्या दिशेने. उतार बहुतेक निळे-लाल (निळे सोपे, लाल मध्यम) आहेत, काळ्यावर, म्हणजे अवघड उतारावर, जावंच लागतं असं नाही, त्यामुळे व्हिडिओत फार सोपं दिसतं. पण व्हिडिओत हे दिसत नाही की एकदा निम्म्यावर गेलात की पाय दुखले म्हणून मागे फिरून उपयोग नसतो, पुढे जाणं किंवा मागे जाणं दोन्ही सारखंच लांब, आणि दुपारी लिफ्ट बंद झाल्या की तुम्ही भलत्याच खोऱ्यात अडकता आणि मग घाटाच्या रस्त्याने टॅक्सी, जी स्वस्त नसते. सरावलेली माणसंसुद्धा सकाळी दहाच्या आत निघतात आणि साडेतीनपर्यंत शेवटचा घाट ओलांडायचा असं ठरवून चालतात. पहिल्या आठवड्यात चार जणांनी, त्यात एक नऊ वर्षांचं, हे करू नये, इतकं साधं आहे ते.

डोलोमिटी सुपरस्कीच्या एका पासवर 12 विभाग आणि जवळपास 1200 किलोमीटर उतार येतात, 1974 पासूनची ही सोय आहे आणि सरावलेल्यांना तो पास सोन्यासारखा. पण नवशिक्या माणूस पहिले दोन दिवस शंभर-दोनशे मीटरच्या सरावाच्या उतारावरच असतो. तेवढ्यासाठी 1200 किलोमीटरचे पैसे कशाला? पहिल्या दिवशी पासच काढू नका, स्की स्कूलमध्ये विचारा की सरावाच्या लिफ्टचं तिकीट वेगळं मिळतं का, मग जमायला लागलं की फक्त वाल गार्डेना आणि आल्पे दी सियूसीचा पास घ्या. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा की ह्या पासावर पूर्ण सेला रोंडा होत नाही, नाहीतर ऐनवेळी भांडण.

शिकायला मी आल्पे दी सियूसी सुचवेन. ओर्तिसेई गावातून गोंडोलाने (बंद डब्यांच्या रोपवेने) वर गेलं की पसरलेलं मोठं पठार आहे, सुमारे 1700 ते 2300 मीटर उंचीवर, उतार मंद, ऊन भरपूर, आणि समोर सासोलुंगोचा सुळका. शिक्षक घ्याच, इटलीत त्यांना माएस्त्रो दी शी म्हणतात. नवऱ्याकडून शिकू नका, संसार टिकवायचा असेल तर. पहिल्या दिवशी फक्त थांबायला शिकायचं, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागच्या बाजू फाकवायच्या, पाचरीसारखं, मुलांना पिझ्झा पिझ्झा म्हणत शिकवतात. मुलं तिसऱ्या दिवशी तुमच्या पुढे गेलेली असतील, वाईट वाटून घेऊ नका.

आणि बूट. मी पहिल्यांदा थंडी वाजेल म्हणून दोन जोड मोजे घातले आणि दुपारपर्यंत पोटऱ्या बधिर. एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा, सुती नको, त्याच्या घड्या पडतात आणि घाम धरून ठेवतो. भाड्याने बूट घेताना बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघा वाकवला की मागे सरली पाहिजेत, टाच उचलता कामा नये. दुकानात वजन, उंची आणि किती येतं ते विचारतात, खरं सांगा, त्यावरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, पडल्यावर किती जोराला सुटायची ते सेट होतं. तिथे फुशारकी मारली तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो.

प्रश्न: इटलीत स्कीला इन्शुरन्स कंपल्सरी आहे म्हणे, आमच्याकडे ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे, तो चालेल ना? हेल्मेट मोठ्यांनाही लागतं का?

उत्तर: 1 जानेवारी 2022 पासून कंपल्सरी आहे, पण कुठला ते नीट बघा. तुमच्यामुळे दुसऱ्याला लागलं तर त्याची भरपाई देणारा लागतो, तुमच्या दवाखान्याच्या खर्चाचा वेगळा. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत स्की वगळलेलंच असतं, बारीक अक्षरं वाचा. नसेल तर पास घेताना रोजच्या हिशोबाने मिळतो, थोडे युरोच जातात, आणि न घेता पकडलं तर 100 ते 150 युरो दंड आणि पासही जाऊ शकतो. हेल्मेट आधी फक्त मुलांना होतं, 1 नोव्हेंबर 2025 पासून सगळ्यांनाच. दारू पिऊन उतरलं तरी कायदा आहे, मर्यादा रक्तात 0.5 ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे वर रिफ्युजिओत (डोंगरावरच्या खाणावळीत) बसून बोंबार्दिनो, हे तिथलं गरम दारूचं पेय, प्यायचं असेल तर खाली गोंडोलाने या. आणि धडक झाली तर चूक जवळपास नेहमी वरून येणाऱ्याची धरतात, कारण खालच्याला मागे डोळे नसतात.

प्रश्न: हॉटेल सेल्वाला आहे पण बसवर वोल्केनश्टाइन लिहिलंय असं मैत्रीण म्हणते, चुकीच्या बसमध्ये बसलो तर?

उत्तर: एकच गाव आहे ते. 1918 पर्यंत हा भाग ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे जर्मन नावं आहेत, इटालियन आहेत आणि खोऱ्याची स्वतःची लादीन भाषाही आहे. ओर्तिसेई तसंच, सांक्ट उलरिश आणि उर्तिजेई म्हणजे तेच.

प्रश्न: सासूबाई बरोबर येतायत, त्या स्की करणार नाहीत. दिवसभर हॉटेलात बसतील का?

उत्तर: मुळीच नाही! गोंडोलाचं पायी जाणाऱ्यांचं तिकीट वेगळं मिळतं, सेचेदा डोंगरावर जवळपास 2500 मीटरपर्यंत बसूनच जाता येतं. आल्पे दी सियूसीवर बर्फ दाबून केलेल्या पायवाटा आहेत, घोड्यांची स्लेज आहे. ओर्तिसेईत लाकडी कोरीवकामाची जुनी परंपरा आहे, दुकानांतून मूर्ती बघत अर्धा दिवस जातो. त्यांना न घसरणारे, खोल खाचांच्या तळाचे चांगले बूट आणि गॉगल तेवढा द्या, बर्फावरचं ऊन डोळ्यांना फार लागतं.