गोलीचा ट्रेड आणि तीस वर्षं न मिटलेलं भांडण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोरांटोला नवीन आलोय. ऑफिसात जेवताना सगळे बर्फावरच्या हॉकीतल्या गोलकीपरच्या ट्रेडवरून (म्हणजे संघांनी आपसात केलेल्या खेळाडूंच्या अदलाबदलीवरून) हमरीतुमरीवर येतात, आणि दर वेळी कोणीतरी १९९५ साली मॉन्ट्रियलने सोडलेल्या रॉयचं नाव काढतं. तो सौदा खरंच इतका वाईट होता का?

होता. पण लोक ज्याच्या नावाने खडे फोडतात, तो माणूस मला त्यातला सगळ्यात कमी दोषी वाटतो. जरा मागून सांगते.

मी २००८ च्या ऑगस्टमध्ये शिकायला मॉन्ट्रियलला आले. हॉकी म्हणजे आपली मैदानावरची, एवढंच डोक्यात. माझे घरमालक तळमजल्यावर राहायचे. सत्तरीचे, फ्रेंच बोलणारे, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या हॉकी संघाचे कट्टर. ते सारखे कोणा ‘रवा’ला शिव्या द्यायचे. मला खरंच रवाच ऐकू यायचा. पुढे पेपरात नाव वाचलं तर रॉय. म्हटलं, कोणी बंगाली बाबू दिसतोय. फ्रेंचमध्ये रॉयचा उच्चार ‘र्वा’ होतो, हे कळायला महिना गेला. पॅट्रिक रॉय, जर्सी क्रमांक ३३, जन्म क्यूबेक सिटीचा. विसाव्या वर्षी, १९८६ मध्ये, याने कॅनेडियन्सना स्टॅनले कप, म्हणजे इथल्या एनएचएल लीगचं विजेतेपद, जिंकून दिला. १९९३ मध्ये पुन्हा, आणि त्या वेळी प्लेऑफमध्ये (हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत) जादा वेळेत गेलेले लागोपाठ १० सामने याच्या भरवशावर जिंकले. कॅनेडियन्सनी त्यानंतर आजतागायत कप उचललेला नाही.

आता ती रात्र. २ डिसेंबर १९९५, शनिवार, मॉन्ट्रियल फोरम. समोर डेट्रॉइट रेड विंग्ज. गोलवर गोल पडत होते आणि प्रशिक्षक मारियो त्रांब्ले रॉयला बाहेर काढत नव्हते. मध्येच त्याने एक साधा फटका अडवला तर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून त्याची हुर्यो उडवली. त्याने दोन्ही हात वर करून ती हुर्यो त्यांनाच परत केली. २६ फटक्यांत ९ गोल झाल्यावर दुसऱ्या सत्रात त्याला बाहेर बोलावलं. तो त्रांब्लेंच्या समोरून गेला, मागे बसलेल्या क्लबच्या अध्यक्षांपाशी, रोनाल्ड कोरींपाशी थांबला आणि सांगितलं, मॉन्ट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना. सामना ११-१ असा संपला. ६ डिसेंबरला रॉय कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचमध्ये.

घरमालकांचं म्हणणं, त्याने आमच्यासमोर हात वर केले तिथेच विषय संपला, उरलेलं सगळं वकिली. त्यांच्या मुलाचं म्हणणं, घरचा माणूस बुडत असताना नऊ गोल होईपर्यंत बघत बसणारा प्रशिक्षक हा सूड उगवत होता. बापलेकाचा नाताळ यावरून बिघडलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, तेही घटनेला १३ वर्षं होऊन गेल्यावर.

बदल्यात काय मिळालं? गोली जोसलीन थिबो, वय २०, आणि मार्टिन रुचिन्स्की व आंद्रेई कोवालेंको हे दोन फॉरवर्ड. (इथे गोलकीपरला सगळे गोलीच म्हणतात, आपल्याला बंदुकीतली आठवते, त्याला इलाज नाही.) वर रॉयबरोबर कप्तान माइक कीनसुद्धा देऊन टाकला. जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंचे सौदे करणारे, होते रेजाँ हूल, आणि आजही शिव्या खातात ते हेच.

मी निफाड तालुक्यातली. कांदा लिलावाला घेऊन गेलेला माणूस मी लहानपणापासून पाहिलाय. माल परत नेण्याचं भाडं याला परवडणार नाही, हे व्यापाऱ्याला ट्रॅक्टर बघूनच कळतं, आणि मग भाव कोण ठरवतो ते सांगायला नको. हूल त्या ट्रॅक्टरवर बसले होते. रॉय पुन्हा खेळणार नाही हे सगळ्या लीगला माहीत. त्यात गोलीचं गिऱ्हाईक मुळातच कमी. फॉरवर्ड डझनभर लागतात, त्यामुळे चांगला फॉरवर्ड कोणालाही चालतो. गोली एका वेळी एकच उभा राहतो. तेव्हा लीगमध्ये २६ संघ होते, आणि बहुतेकांचा गोली ठरलेला. ज्याला खरंच गरज आहे आणि ज्याच्याकडे द्यायलाही काही आहे, असा संघ शोधायला चार दिवस. अडला हरी...

थांबता आलं असतं, हा घरमालकांच्या मुलाचा मुद्दा होता आणि तो मला पटतो. पण थांबायला मुरलेला माणूस लागतो. खरी चूक ऑक्टोबरमधली. हंगाम नुकताच सुरू झाला होता, संघ हरत होता, म्हणून क्लबने अनुभवी जनरल मॅनेजर आणि प्रशिक्षक दोघांनाही एकदम घालवलं. त्यांच्या जागी आणलेले हूल आणि त्रांब्ले दोघेही क्लबचे जुने लाडके खेळाडू, पण हूलनी त्याआधी कुठला संघ चालवला नव्हता आणि त्रांब्लेंनी या लीगमध्ये प्रशिक्षकाचं काम केलं नव्हतं. वर त्रांब्ले आणि रॉय एके काळी एकाच संघात खेळलेले, आणि त्यांचं जमत नव्हतं. हे ठाऊक असताना त्याच माणसाला रॉयच्या डोक्यावर बसवणारे कोरी होते. त्यांना कोणी शिव्या देत नाही. मालकाच्या खुर्चीजवळच्या लोकांचं असंच असतं.

समोरच्या बाजूला बसले होते कोलोरॅडोचे पिएर लाक्रुआ. हे गृहस्थ जनरल मॅनेजर होण्याआधी रॉयचेच एजंट होते. म्हणजे मालाची प्रत त्यांना विकणाऱ्यापेक्षा जास्त माहीत! आणि कोलोरॅडोचा हा संघ त्याच उन्हाळ्यापर्यंत क्यूबेक सिटीचा नॉर्डिक्स होता, मॉन्ट्रियलचा हाडवैरी. तो गाव सोडून डेन्व्हरला गेला नसता तर रॉयला तिकडे पाठवायची कोणाची छाती नव्हती. क्यूबेक सिटीच्या लोकांचं दुःख तर वेगळंच. त्यांचा संघ गेला, आणि पहिल्याच वर्षी, त्यांच्याच गावात जन्मलेल्या गोलीला घेऊन, दुसऱ्यांच्या गावात कप जिंकला. अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध तिसऱ्या जादा सत्रापर्यंत गोलच नाही. रॉयने ६३ फटके अडवले आणि सामना १-० ने संपला.

थिबोबद्दल लोक तुच्छतेने बोलतात, ते मला आवडत नाही. पोरगा वाईट नव्हता, वर्षानुवर्षं लीगमध्ये टिकला. पण विशीत, मॉन्ट्रियलमध्ये, रॉयच्या जागी उभं राहायचं! गंमत म्हणजे तो स्वतः आधीच्या एका गाजलेल्या ट्रेडचं फळ होता. एरिक लिंड्रॉसने क्यूबेककडून खेळायला नकार दिला, तेव्हा १९९२ मध्ये फिलाडेल्फियाने त्याच्यासाठी खेळाडूंची रांग, पैसे आणि ड्राफ्टमधल्या निवडी (नवे खेळाडू आळीपाळीने निवडायचे हक्क) मोजल्या. त्यातल्या एका निवडीवर क्यूबेकने थिबोला घेतलं. या ट्रेडची वंशावळ काढत बसलं की रात्र पुरत नाही.

आता तुमच्या ऑफिसातलं भांडण दर वर्षी नव्याने का पेटतं, ते. हिशेब असा. आजच्या घडीला १०० पैकी ९० फटके अडवणारा गोली साधारण, ९२ अडवणारा उत्तम. फरक दोनचा. पण सामन्यात तीसेक फटके धरले आणि तो ६० सामने खेळला, तर १,८०० फटके होतात आणि ते दोन म्हणजे ३६ गोल. एवढा फरक दुसरा कुठलाच एकटा खेळाडू सहज पाडत नाही. म्हणून एक बाजू म्हणते, काय हवं ते द्या पण त्याला आणा. दुसरी बाजू म्हणते, हाच माणूस पुढच्या वर्षी ९० वर येईल, आणि तेही खरंच होतं. गोलीची कामगिरी फार वरखाली होते. दोन्हीकडच्यांना दाखले भरपूर, म्हणून कोणी हरत नाही.

आयपीएलवाल्यांना एवढंच सांगते की हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईत परत आला तेव्हा २०२४ मध्ये वानखेडेवर जे झालं, तो राग इथे पिढीजात चालतो. आणि इथे सौदा बहुधा पैशात होत नाही, माणसाच्या बदल्यात माणूस किंवा ड्राफ्टमधली निवड. त्यामुळे कोण फसलं हे पुढे वीस वर्षं मोजता येतं.

एक योगायोग सांगायचा राहिला. त्या ११-१ च्या रात्री चार गोल करणारा होता स्लावा कोझलोव्ह. २००१ मध्ये डेट्रॉइटने त्याच कोझलोव्हला बफेलोला देऊन डॉमिनिक हाशेक हा गोली आणला. पुढच्या वर्षी प्लेऑफच्या सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यात हाशेक एका टोकाला, रॉय दुसऱ्या टोकाला. डेट्रॉइट ७, कोलोरॅडो ०. घरमालक हा आकडा सांगताना दोन्ही हातांची बोटं वापरायचे.

आणि तेच घरमालक २२ नोव्हेंबर २००८ ला मला खाली बोलवायला आले. कॅनेडियन्स ३३ नंबरची जर्सी छताला टांगणार होते, म्हणजे तो नंबर पुन्हा कोणाला मिळणार नव्हता. रॉय बर्फावर आला, सगळं स्टेडियम उभं राहिलं. घरमालक सोफ्यावर बसूनच होते. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा परत ‘रवा’ला शिव्या सुरू.

तुम्ही टोरांटोत आहात, म्हणून जाता जाता. तिथे रॉय हा परक्याच्या घरचा तमाशा आहे, लोक चवीने बोलणारच. त्यांची स्वतःची जखम २००६ ची. मेपल लीफ्सनी तुका रास्क नावाचा कोवळा फिनिश गोली बॉस्टनला दिला आणि अँड्र्यू रेक्रॉफ्टला घेतलं. रेक्रॉफ्ट दोन हंगामांत संपला. रास्क २०१४ मध्ये लीगचा सर्वोत्तम गोली ठरला, आणि २०१३, २०१८, २०१९, तिन्ही वेळा लीफ्स सातव्या सामन्यात बॉस्टनकडून हरले तेव्हा समोर गोलमध्ये तोच उभा होता. २०१३ ला तर शेवटच्या सत्रात लीफ्स ४-१ ने पुढे होते. हा विषय टेबलावर काढायचाच असेल, तर आधी आपला डबा संपवून घ्या.